दोन चुली

मे महिना. दुपारी चारला
सुगतच्या डब्याला बोट लावून बघवत नाही.
एका अंगानं उघडून ठेवलाय, कूलरपासून दोन हात लांब,
ओल लागू नये इतका,
आणि तो कालपासून माझ्याशी बोलत नाही.

गुन्हा माझाच. मी लिनक्स टाकलं.
जुनी सिस्टीम रोज उंबऱ्यावर उभी राहून
काहीतरी मागायची. कंटाळले.
मिहानला रात्रपाळीत मी दोनशे सर्व्हर सांभाळते,
घरचं एक यंत्र माझं ऐकत नव्हतं.

त्याचे बाकीचे खेळ चालले,
काही तर आधीपेक्षा बरे.
एकच चालला नाही. तोच,
ज्यासाठी जरीपटक्याची पोट्टी
रात्री अकराला हेडफोन चढवून बसतात.

पडद्यावर ओळ आली :
ही यंत्रणा विश्वासार्ह नाही.

कोणती? जिची ओळ न् ओळ
कुणालाही वाचता येते, ती?

"तुले काय समजते व ताई,"
अखेर तोंड उघडलं त्यानं.
"डिसेंबरात फायनलले होतो आम्ही.
समोरच्याले भिंतीपल्याडचं दिसत होतं.
मी श्वास घ्याच्या आधी मारत होता मले.
चोर पकडाले कोणी तं पाहिजे ना?"

पाहिजे. हे मला खोडता आलं नाही.
म्हटलं, पहारा ठेवू दे,
पण पहारेकऱ्याला थेट कर्नलपाशी
कशाला बसवायचं?

बाबा पेपरातून वर आले. "कर्नल? फौजेतला?"

नाही बाबा. गाभा म्हणा यंत्राचा.
त्याच्या आत कुलूप नाही,
तिथं जो बसतो त्याला सगळं दिसतं :
कुठली कळ दाबली, कुठली फाइल उघडली,
आणि त्याला मात्र कोणी बघू शकत नाही.

"गाभारा," बाबा म्हणाले, आणि थोडं थांबले.
त्यांचे आजोबा एकदा पायरीवरून परत आले होते.
या शब्दाबद्दल आमच्या घरात
एवढंच बोललं जातं.

बाबांनी एकतीस वर्षं
कळमन्याच्या कोल्ड स्टोअरेजवर चौकीदारी केली.
संत्र्याच्या पेट्या, हिवाळ्यात शेकोटी, पाच सेलची बॅटरी.
संशय आला की फाटकावर पिशवी उघडायची,
बघायची, परत बांधून द्यायची.
ऑफिसच्या कपाटाची किल्ली
मालक देत होता तरी घेतली नाही.

"पगार किती घेते थो?"
पगार नाही बाबा.
"खेळ बंद झाल्यावर घरी जाते?"
नाही. मशीन सुरू झालं की हा जागा होतो,
खेळ चालू असो नसो.
"मंग थो चौकीदार नाही," पेपर पुन्हा वर गेला,
"भाडेकरू आहे. तेबी बिनभाड्याचा."

सुगत हसला. हसू आवरायला त्यानं
माठातलं पाणी प्यायलं, उभ्यानंच.

शेवटी आम्ही डिस्क वाटून घेतली.
एका घरात दोन चुली, कज्जा न करता.
चालू करताना यंत्र दहा सेकंद विचारतं :
कोणाकडे?
त्याच्या वाटणीत तो पहारेकरी.
माझ्या वाटणीला मी कुलूप घातलं, लांबलचक पासवर्डाचं,
तरी मला माहीत आहे,
भिंत एकच आहे. पलीकडचा ठोकून बघू शकतो.

रात्री अकरा. पाचही जण आले.
दार बंद, कूलर फुल्ल, सुगतची पाठ ताठ.
पावणेबाराला त्यानं हेडफोन आपटला.
"पुन्हा! भिंतीतून!"
मी काही बोलले नाही. बोलायची फार इच्छा होती.

ड्यूटीची गाडी खाली हॉर्न देत होती.
जिना उतरताना पाहिलं,
बाबा सवयीनं दाराची कडी ओढून बघतायत,
बाहेरून,
आणि मग तिथंच
खुर्ची टाकून बसतायत वाऱ्याला.